जेनचा भाऊ

पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? आपल्या आजोबांच्या पिढीनं हा प्रश्न कट्ट्यावर बसून किती वेळा चघळला असेल कुणास ठाऊक. डॉ. जयंत नारळीकरांनी त्याचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा केली. अकरावीला सीबीएसई असलेल्यांनी ती इंग्रजीच्या पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ या नावानं वाचलीही असेल. गोष्टीत मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा पुढचा सगळा इतिहास बदलतो. पण मला विचाराल तर ती कथा उभी आहे गंगाधरपंतांच्या खिशातून निघालेल्या बखरीच्या एका फाटक्या पानावर. ते पान नसतं तर प्राध्यापक महाशयांना पडलेलं स्वप्न म्हणून आपण सगळं सोडून दिलं असतं.

बेळगावात वाढलेल्या माणसाला जर-तरचा इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला रेष जरा इकडची तिकडे झाली असती तर, हा विषय आमच्याकडे चहाच्या कपाबरोबरच येतो. मात्र हा ‘तर’ कागदावर उतरवायची वेळ आली की बहुतेक जण नकाशा काढतात. कोण जिंकलं, राजधानी कुठं गेली, झेंडा कुठला. त्या बदललेल्या जगात माणसाच्या खिशात काय असेल, हे फार थोड्यांना सुचतं. अमेरिकन विज्ञानकथालेखक फिलिप के. डिक हा त्या थोड्यांपैकी एक. ‘ब्लेड रनर’, ‘टोटल रिकॉल’, ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ हे सिनेमे ज्याच्या लिखाणावरून निघाले तो हा माणूस. त्याच्या पात्रांच्या हातात ज्या वस्तू दिसतात, त्यांतल्या कितीतरी त्याच्या स्वतःच्या घरातून तिथं गेलेल्या आहेत. कुठली वस्तू कुठून गेली हे शोधता शोधता मी त्याच्या आयुष्यात शिरले, आणि तिथं सगळ्यात आधी भेटली ती जेन.

१६ डिसेंबर १९२८ ला शिकागोत डोरोथी आणि एडगर डिक यांना जुळं झालं. एक मुलगा, एक मुलगी. दिवस भरायला सहा आठवडे बाकी होते. फिलिप किंड्रेड आणि जेन शार्लट. बाळं अशक्त होती, आईला दोघांना पुरेल इतकं दूध येत नव्हतं आणि काय करायचं ते सांगणारं जवळ कुणी नव्हतं. हिवाळा शिकागोचा. २६ जानेवारी १९२९ ला, वयाच्या सहाव्या आठवड्यात, जेन गेली. फिलिप वाचला. जेनला कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट मॉर्गन या गावी पुरलं आणि आईवडिलांनी एक गोष्ट केली. थडग्याच्या दगडावर तिच्या नावाशेजारी जिवंत असलेल्या फिलिपचंही नाव कोरलं. जन्मतारीख घातली आणि पुढची जागा मोकळी सोडली.

आम्हा कॅथलिकांना एका थडग्यात घरातली दोन-तीन नावं असणं नवीन नाही. २ नोव्हेंबरला सिमेट्रीत मेणबत्त्या लावायला गेलं की एकाच दगडावर आजा, आजी, काका सगळे भेटतात. पण ती नावं माणूस गेल्यावर चढतात. आपलं नाव आधीच दगडावर आहे, फक्त तारीख यायची आहे, हे ठाऊक असलेलं मूल कसं वाढत असेल? डिकला ही गोष्ट आईनंच सांगितली होती. आईवरचा राग त्याच्या मनातून कधीच पूर्ण गेला नाही. माझ्या मते यात डोरोथीवर अन्याय झाला. एकटी, नवखी बाई, तिच्या हातात होतं तरी किती? पण लहान मुलाला हे कोण समजावणार. आपण जगलो आणि ती गेली, म्हणजे तिच्या वाटणीचं आपण घेतलं, असं काहीतरी त्याच्या मनात रुतून बसलं ते बसलंच.

तो पाच-सहा वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. आई त्याला घेऊन काही वर्षं वॉशिंग्टनला राहिली आणि १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला परतली. बर्कले हायस्कूलच्या १९४७ च्या बॅचमध्ये तो होता आणि त्याच बॅचमध्ये उर्सुला ले ग्विनही होती. पुढं विज्ञानकथेतली एवढी मोठी नावं झालेली ही दोघं शाळेत एकमेकांना ओळखतही नव्हती. विद्यापीठात तो थोडे दिवस गेला आणि बाहेर पडला. त्याची खरी शाळा म्हणजे बर्कलेतलं रेडिओ-रेकॉर्डचं दुकान. तिथं तो विक्रेता होता. पाश्चात्त्य अभिजात संगीताचं त्याला वेड होतं आणि हे वेड त्याच्या कथांतून वाटेल तिथं डोकं वर काढतं. एक कथा तर त्यानं ‘जॅक डाउलंड’ या टोपणनावानं छापली. जॉन डाउलंड हा शेक्सपिअरच्या काळातला ल्यूटवादक आणि गीतकार. आपल्याकडे एखाद्यानं रहस्यकथेवर ‘कुमार गंधर्व’ अशी सही करावी, तसलाच प्रकार.

१९५२ पासून त्याच्या कथा मासिकांत छापून येऊ लागल्या आणि १९५५ मध्ये ‘सोलर लॉटरी’ ही पहिली कादंबरी निघाली. पण मनातून त्याला विज्ञानकथालेखक व्हायचं नव्हतं. साध्या माणसांच्या साध्या कादंबऱ्या लिहून साहित्यिक म्हणून नाव मिळवायचं होतं. तशा कादंबऱ्या त्यानं लिहिल्या भरपूर आणि त्या साभार परत आल्या. त्यातली एकच त्याच्या हयातीत छापली गेली, तीही १९७५ मध्ये. पोट चाललं ते परग्रह आणि यंत्रमानवांवर.

आता ज्या कादंबरीसाठी हा लेख लिहिते आहे तिच्याकडे येते. १९५९ मध्ये त्यानं तिसरं लग्न केलं, ॲनशी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेज स्टेशन या खेडेवजा गावात दोघं राहत होती. ॲननं धातूचे दागिने घडवायचा छोटा व्यवसाय सुरू केला. डिकही त्यात हात घालायचा, घासायचा, चमकवायचा. मग त्यातून बाजूला होऊन तो एका खोपटात टाइपरायटर घेऊन बसला. तिथं १९६१ मध्ये ‘द मॅन इन द हाय कासल’ लिहून झाली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९६३ चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला.

कल्पना अशी की दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान जिंकले आहेत. अमेरिकेचा पूर्व भाग जर्मनीकडे, पश्चिम किनारा जपानकडे आणि मध्ये रॉकी पर्वताच्या पट्ट्यात थोडी मोकळी राज्यं. हे का झालं? १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत जुझेप्पे झांगारा या माणसानं फ्रँकलिन रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या होत्या. झांगारा बुटका होता, गर्दीत दिसावं म्हणून एका डुगडुगत्या खुर्चीवर चढला होता. नेम चुकला. रूझवेल्ट वाचले, शिकागोचे महापौर सर्माक यांना गोळी लागली आणि पुढं ते वारले. डिकच्या जगात रूझवेल्टना गोळी लागते आणि कणखर अध्यक्षाविना अमेरिका दुबळी राहते. विश्वासराव आणि रूझवेल्ट, दोघांच्याही गोष्टी एकाच गोळीच्या.

पण गोळी झाडून झाल्यावर डिक युद्धाकडे फिरकत नाही. तो आपल्याला नेतो सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दुकानात. तिथं चिल्डन नावाचा माणूस हरलेल्या अमेरिकेच्या जुन्या वस्तू जपानी साहेबांना विकतो. मिकी माऊसचं घड्याळ, सैन्यभरतीचं पोस्टर, कोल्ट बनावटीचं रिव्हॉल्वर. जिंकणाऱ्याला हरलेल्याच्या पोराबाळांची खेळणी हौसेनं जमवावीशी वाटतात, हे डिकनं किती बारीक पाहिलंय! आपल्याकडे आलेल्या गोऱ्या साहेबांनी मायदेशी काय काय नेलं ते आठवलं की हे दुकान परकं वाटत नाही. आणि गंमत म्हणजे दुकानातल्या अनेक वस्तू खोट्या. मागं कारखान्यात ‘जुनी’ रिव्हॉल्वरं नव्यानं तयार होतात.

माझा आवडता प्रसंग लायटरचा. त्या कारखान्याचा मालक दोन झिप्पो लायटर पुढं ठेवतो. दिसायला सारखे. त्यातला एक म्हणे गोळी लागली तेव्हा रूझवेल्टच्या खिशात होता, दुसरा कुठलाही. कुठला कोणता, ओळखून दाखव! ओळखता येत नाही. हातात घेऊन, हुंगून, उजेडात धरून काही कळत नाही. इतिहास वस्तूत नाहीच, तो तिच्याबरोबरच्या कागदात आहे. दोन सारख्या वस्तू, एकीला इतिहास आहे, एकीला नाही, आणि दोघींत फरक कुठं आहे ते सांगता येत नाही. जुळ्यांतला उरलेला भाऊ हे लिहितो आहे, हे ठाऊक नसतानाही प्रसंग चांगलाच आहे. ठाऊक झाल्यावर मात्र तो पहिल्यासारखा वाचता येत नाही.

त्या कारखान्यातला कारागीर फ्रँक फ्रिंक नोकरी सोडून स्वतःचे दागिने घडवू लागतो. जुन्याची नक्कल नाही, नवे, ज्यांना अजून कसलाच इतिहास नाही असे. हे ॲनच्या घरातलं सामान. चांदीची अशी एक छोटी त्रिकोणी पिन तागोमी या जपानी अधिकाऱ्याच्या हाती येते. त्याच्या हातून नुकत्याच दोन हत्या झाल्या आहेत आणि मन थाऱ्यावर नाही. बागेतल्या बाकावर बसून तो पिनकडे टक लावून बघत राहतो आणि मान वर करतो तर सगळं बदललेलं. समोर एम्बार्काडेरो फ्रीवेचा राक्षसी सांगाडा, आणि खानावळीत गोरी माणसं त्याला बघून जागेवरून उठत नाहीत. तो आपल्या जगात येऊन पडलेला असतो, जिथं जपान हरला आहे. थोड्या वेळानं परत जातो. सगळ्या कादंबरीत दोन इतिहासांमधलं दार उघडतं ते असं, बायकोनं घडवावी तसल्या एका पिनेतून.

आणखी एक घरगुती गोष्ट. त्या काळात डिक ‘आय चिंग’ हा प्राचीन चिनी शकुनग्रंथ वापरायचा. कादंबरीतली पात्रंही वापरतात आणि पात्रानं कौल लावला की डिक खरोखरच नाणी टाकायचा आणि येईल ते उत्तर लिहायचा. म्हणजे कथानकाचे काही सांधे त्यानं लिहिलेलेच नाहीत, ते पडलेल्या नाण्यांचे आहेत. कादंबरीत सगळे चोरून एक बंदी घातलेली कादंबरी वाचत असतात, जिच्यात मित्रराष्ट्रं जिंकली आहेत. तिचं नाव बायबलातल्या उपदेशक या पुस्तकावरून घेतलंय. बाराव्या अध्यायात म्हातारपणाचं वर्णन करताना टोळाचा उल्लेख येतो, तो टोळ. आणि त्या आतल्या कादंबरीतलं युद्ध जिंकलेलं असलं तरी ते जग हुबेहूब आपलं नाही. तिसरंच आहे.

फ्रँकची दुरावलेली बायको जुलियाना. काळ्या केसांची, ज्यूडो शिकवणारी, कोलोरॅडोतल्या कॅनन सिटीत एकटी राहणारी. त्या निषिद्ध पुस्तकाचा लेखक गाठायला ती निघते आणि शेवटी सत्य तीच विचारून घेते. डिकच्या पुस्तकांत काळ्या केसांची मुलगी पुन्हा पुन्हा येते आणि अभ्यासक तिचं नातं जेनशी जोडतात. मी नकाशा उघडून बघितला. (नकाशाला नावं ठेवून झाल्यावर!) जुलियाना कॅनन सिटीहून डेन्व्हरला जाते, तिथून उत्तरेला वायोमिंगमधल्या शायेनला. फोर्ट मॉर्गन डेन्व्हरच्या ईशान्येला, साधारण ८० मैलांवर. तिला तो तिकडे वळवत नाही. जगाच्या पाठीवरची कितीतरी राज्यं होती, पण नायिकेला त्यानं कोलोरॅडोतच राहायला ठेवलं. यात हेतू होता की नव्हता यावर वाद घालण्यात मला रस नाही. मला ते दिसलं, एवढंच.

पुढची वर्षं मी भरभर सांगते, कारण ती वाचताना मलाही भरभर पानं उलटावीशी वाटली. ॲम्फेटामाइनच्या गोळ्यांवर रात्रंदिवस लिखाण, १९६३-६४ या दोन वर्षांत दहाहून अधिक कादंबऱ्या, ॲनशी काडीमोड, चौथं लग्न, पाचवं लग्न, एकूण तीन मुलं. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये घर फोडून कुणीतरी फाइलींचं लोखंडी कपाट उडवलं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि डिक आयुष्यभर त्याची नवनवी उत्तरं मांडत बसला.

या धावपळीत जेन मात्र पुस्तकांत येत राहिली. ‘डॉ. ब्लडमनी’ (१९६५) मध्ये सात वर्षांच्या एडीच्या पोटात तिचा जुळा भाऊ बिल जन्मापासून अडकलेला आहे. तो तिच्याशी बोलतो आणि मेलेल्या माणसांशीही बोलू शकतो. इथं बाहेरचं जग बहिणीला मिळालं आहे आणि आत राहिला तो भाऊ. ‘फ्लो माय टिअर्स, द पोलिसमन सेड’ (१९७४) या कादंबरीचं नावच डाउलंडच्या गाण्यावरून घेतलेलं. तिच्यात एक प्रसिद्ध गायक एका सकाळी उठतो तर त्याला कुणीच ओळखत नाही, सरकारी कागदांतही त्याचं नाव नाही. उलगडा असा होतो की पोलीस अधिकाऱ्याच्या जुळ्या बहिणीनं, ॲलिसनं, एक औषध घेतलं होतं आणि ते दुसरं जग तिच्या मेंदूतून उभं राहिलं होतं. ती मरते आणि ते जग विरतं. मागं राहतो रडणारा भाऊ. विश्वयुद्धाचा निकाल डिकनं एका फटक्यात फिरवला. पण बहीण जगली आणि सगळं साधंसुधं झालं, दोघं मोठी झाली, भांडली, म्हातारी झाली, असं एकही जग माझ्या वाचनात आलेलं नाही.

फेब्रुवारी १९७४ मध्ये अक्कलदाढ काढल्यावर वेदनाशामक गोळ्या घेऊन औषधाच्या दुकानातली एक मुलगी त्याच्या दारात आली. काळ्या केसांची. तिच्या गळ्यात माशाचं पदक होतं. हा मासा म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची खूण. ग्रीकमध्ये माशाला ‘इख्थिस’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या एकेका अक्षरापासून येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा हे शब्द निघतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो वहीत काढलेला असेल. डिक त्या पदकाकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं की काळ थांबलेला आहे, आपण कॅलिफोर्नियात नसून पहिल्या शतकातल्या रोमच्या अमलाखाली आहोत आणि आपल्या आत थॉमस नावाचा एक लपलेला ख्रिस्ती माणूस जगतो आहे. पुढं कित्येक आठवडे प्रकाश, आवाज, दृश्यं. त्यातल्याच एका क्षणी आपल्याला मुलाच्या हर्नियाची बातमी मिळाली, असं तो सांगे. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा हर्निया निघालाही.

यावर आपल्यातले भाविक एक बोलतील, मानसशास्त्रवाले दुसरं. मला साक्षात्काराचा निवाडा करायचा नाही. चर्चसुद्धा अशा बाबतीत घाई करत नाही. माझं लक्ष गेलं ते वेगळ्याच गोष्टीकडे. बाकावर बसून धातूच्या छोट्या दागिन्याकडे बघता बघता दुसऱ्या इतिहासात जाऊन पडणारा तागोमी डिकनं १९६१ मध्ये लिहिला होता. तेरा वर्षांनी तो स्वतः दारात उभा राहून धातूच्या छोट्या दागिन्याकडे बघत होता. आधी त्याच्या घरातली वस्तू गोष्टीत गेली, मग गोष्टीतली वस्तू त्याच्या दारात आली.

उरलेली आठ वर्षं तो या अनुभवाचा अर्थ लावत राहिला. ‘एक्सेजेसिस’ नावाची त्याची टिपणं सुमारे ८००० पानं भरतात. तो दररोज नवा सिद्धांत मांडे आणि दुसऱ्या दिवशी खोडून काढे. एका सिद्धांतात विश्व म्हणजे जुळं आहे, त्यातलं एक आजारी पडलं आणि त्या बिघडलेल्या जुळ्याच्या सावलीत आपण राहतो. याच अनुभवातून १९७६ मध्ये त्यानं एक पर्यायी इतिहास लिहिला, ‘रेडिओ फ्री आल्बमथ’. तो त्याच्यामागे, १९८५ मध्ये निघाला. त्यातल्या अमेरिकेचा हुकूमशहा अध्यक्ष फेरिस एफ. फ्रिमाँट. एफ हे इंग्रजीतलं सहावं अक्षर, म्हणजे ६६६, प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा. नायक निकोलस बर्कलेच्या रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करतो आणि त्याचा मित्र असतो विज्ञानकथा लिहिणारा फिल. ‘व्हॅलिस’ (१९८१) मध्ये तर नायकाचं नावच हॉर्सलव्हर फॅट. फिलिप म्हणजे ग्रीकमध्ये घोड्यांवर प्रेम करणारा, डिक म्हणजे जर्मनमध्ये जाडा. आणि त्याच पुस्तकात फिल डिक हाही वेगळा माणूस म्हणून वावरतो. एकाच लेखकाचे दोन भाग, एक दुसऱ्याची काळजी घेणारा.

फेब्रुवारी १९८२ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि २ मार्चला कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथं तो गेला. वय ५३. ‘ब्लेड रनर’ जूनमध्ये लागला. त्याचे काही तुकडे त्यानं पाहिले होते, पूर्ण सिनेमा नाही. २००७ मध्ये ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ या मानाच्या मालेत त्याच्या कादंबऱ्या आल्या. त्या मालेत आलेला तो पहिला विज्ञानकथालेखक. साहित्यिक म्हणून नाव मिळालं, पण त्या साभार परत आलेल्या कादंबऱ्यांवर नव्हे, लायटर आणि पिनांवर.

आई १९७८ मध्येच गेली होती. म्हाताऱ्या वडिलांनी त्याच्या अस्थी फोर्ट मॉर्गनला नेल्या. दगड तयारच होता. नाव कोरायचं नव्हतं, ५३ वर्षं मोकळ्या राहिलेल्या जागेत फक्त तारीख घातली.